संशोधनाचा कारभार : गोखले संस्थेची काही दशके

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकटा विद्वान येतो. त्याच्या टेबलावर ग्रंथांचे ढीग, समोर दिवा, आणि जगाचा विसर पडलेली मुद्रा. तत्त्वज्ञानाच्या किंवा काव्यशास्त्राच्या बाबतीत हे चित्र कदाचित खरे असेल. पण एखाद्या तालुक्यातील शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज किती आणि ते त्याने कोणाकडून काढले, हे ज्याला सांगावयाचे आहे त्याचे असे भागत नाही. त्याला गावोगाव माणसे धाडावी लागतात, त्यांच्या प्रवासभत्त्याची बिले तपासावी लागतात, भरून आलेली पत्रके मोजून कपाटात लावावी लागतात, आणि वर्षअखेर पैसे देणाऱ्याला हिशेबही द्यावा लागतो. संशोधनाचा हा जो कारभार आहे, त्याच्या इतिहासाकडे आपण फारसे लक्ष देत नाही. आमच्या मते तो इतिहास विचारांच्या इतिहासाइतकाच बोधप्रद आहे. कारण सरकारचे धोरण ज्या आकड्यांवर उभे राहते ते आकडे खरे की खोटे, हे बहुधा या कारभारातच ठरते.

त्यासाठी आम्ही आज पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेचे उदाहरण घेतले आहे. ही संस्था आता अभिमत विद्यापीठ आहे. तो दर्जा तिला १९९३ साली मिळाला. आमचा रोख मात्र मुख्यतः तिच्या पहिल्या चाळीस वर्षांवर आहे.

ही परंपरा १९३० पासून सुरू झाली असे समजणे बरोबर होणार नाही. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावच्या आपल्या माणसांकडून हकिकती मागवून त्या सरकारपुढे मांडल्या होत्या, आणि १८७८ पासून सभेचे त्रैमासिकही निघू लागले. या सर्वांमागे न्यायमूर्ती रानड्यांची दृष्टी होती. त्याच रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. लोकांची स्थिती आधी नीट पाहावी, मग ती लोकांना आणि सरकारला सांगावी, ही एकाच उद्योगाची दोन अंगे आहेत असे ते मानीत. रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास विलायतेला गेले, तेव्हा त्यांच्या पाठीशी गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकाने वर्षानुवर्षे जमविलेल्या आकड्यांचे बळ होते. जोशी हे सरकारी शाळाखात्यातले नोकर. ते स्वतः व्यासपीठावर फारसे आले नाहीत. परंतु अर्थसंकल्पाच्या आकड्यांची त्यांनी जी उलथापालथ केली तिच्यावाचून गोखल्यांची साक्ष तशी झाली नसती.

त्याच वर्षी, त्याच प्रवासात, गोखल्यांवर एक कठीण प्रसंग आला. पुण्यात प्लेगचा कहर चालू होता, आणि घरझडतीच्या वेळी गोऱ्या शिपायांनी अत्याचार केल्याची पत्रे पुण्याच्या मित्रांकडून त्यांना आली. गोखल्यांनी त्या पत्रांवर विश्वासून इंग्लंडात जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगणे म्हणजे त्यांना संकटात लोटणे होते, आणि आरोप सिद्ध करील असा पुरावा हाती येईना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्याबद्दल त्यांना आपल्याच लोकांकडून फार बोल सोसावे लागले. आरोपांत तथ्य होते की नव्हते, हा वाद निराळा. आम्हांस येथे एवढेच पाहावयाचे आहे की, सांगणारा विश्वासू असला तरी ऐकीव हकिकत आणि तपासलेली हकिकत यांत किती अंतर असते, हे या थोर पुरुषास स्वतःच्या अब्रूची किंमत देऊन कळले. त्यांचे नाव जिला दिले गेले, त्या संस्थेने पुढे प्रत्येक पत्रक पुन्हा तपासण्याचा जो ध्यास घेतला, तो या नावाला शोभणाराच होता.

१९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. समाजाबरोबरच एक ग्रंथालय वाढत गेले. सरकारी अहवाल, शिरगणतीचे खंड, आयोगांच्या साक्षी असा कोरडा पण अमोल संग्रह तेथे जमला. १९३० साली साताऱ्याचे वकील रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांनी दिलेल्या देणगीतून समाजाच्या छत्राखाली गोखले संस्था निघाली, तेव्हा तिला हे तयार ग्रंथालय लाभले. हेच आजचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. नव्या संशोधनसंस्थेला पहिली दहा वर्षे पुस्तके जमविण्यातच घालवावी लागतात. तो काळ या संस्थेचा वाचला.

संचालक म्हणून धनंजय रामचंद्र गाडगीळ आले. वय एकोणतीस वर्षांचे. केंब्रिजमध्ये लिहिलेला त्यांचा हिंदी उद्योगधंद्यांच्या विकासाचा ग्रंथ १९२४ सालीच प्रसिद्ध झालेला होता. मधल्या काळात मुंबई सरकारच्या अर्थखात्यात त्यांनी काही काम केले आणि सुरतेच्या कॉलेजाचे प्राचार्यपद सांभाळले. म्हणजे सरकारी दप्तर कसे चालते आणि शिक्षणसंस्था कशी चालवावी लागते, या दोन्ही गोष्टींचा अनुभव त्यांच्या गाठी होता. ते १९६६ पर्यंत, छत्तीस वर्षे, संचालक राहिले. एका माणसाने इतका काळ संस्था चालविणे नेहमीच हितावह ठरते असे नाही. पुष्कळ संस्था अशाने संस्थापकाची खाजगी मिळकत होऊन बसतात. येथे तसे झाले नाही, याचे एक कारण असे की कामाची पद्धत संचालकाच्या मर्जीवर न ठेवता ती पत्रकांत, नियमांत आणि छापील प्रकाशनांत उतरविण्यात आली.

सुरुवातीची कामे पाहिली तर कोणाला थोडे हसूच येईल. मोठमोठे सिद्धान्त सोडून या मंडळींनी १९३३ साली पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. डाळिंबे, मोसंबी, अंजिरे बागेतून निघून मंडईत येईपर्यंत त्यांच्यावर कोण कोण किती हात मारतो, अडत किती, हमाली किती, बागाईतदाराच्या पदरात काय पडते, हा विषय. १९३५ साली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी निघाली. त्या वेळी गाड्या खाजगी मालकांच्या असत. पुढे तेरा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्याच्या कितीतरी आधी या धंद्याकडे कोणी अभ्यासविषय म्हणून पाहिले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४० साली वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी आली. हे विषय लहान होते म्हणूनच मोलाचे होते. लहान कामावर हात बसतो. आणि संस्थेजवळ पैसा थोडा असताना लहान कामच वेळेवर पुरे होते.

अशी पाहणी चालते कशी, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. प्रथम प्रश्न ठरतात आणि त्यांचे पत्रक तयार होते. पत्रक करणे सोपे वाटते. पण ‘तुमचे उत्पन्न किती?’ हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ निरुपयोगी आहे. कुणबी आपले उत्पन्न रुपयांत मोजीत नाही. ज्वारी घरी खाल्ली गेली, कडबा बैलाने खाल्ला, बलुतेदाराला धान्य दिले, बायकोने दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केली; यांतले तो ‘उत्पन्न’ म्हणून कशाला धरील? म्हणून एका प्रश्नाचे वीस प्रश्न करावे लागतात. ते प्रश्न आधी एक-दोन गावांत विचारून पाहावे लागतात, आणि उत्तरे ऐकून पुन्हा बदलावे लागतात. मग माणसे नेमावयाची. ती गावात उपरी दिसली तर लोक त्यांना करवसुलीवाले समजतात; फार ओळखीची असली तर पाटील-कुलकर्ण्यांच्या ओट्यावर बसूनच पत्रके भरतात. अशा भरलेल्या पत्रकाला काही किंमत नसते, पण दिसावयास ते खऱ्या पत्रकाइतकेच नीटनेटके असते, किंबहुना जास्तच! तेव्हा वरच्या माणसाने मागाहून त्याच घरी जाऊन चार प्रश्न पुन्हा विचारणे, हाच एक उपाय उरतो. त्याला पैसा लागतो, वेळ लागतो, आणि ज्याचे काम तपासले जाते त्याचा राग सोसावा लागतो. पाहणीचा खर्च कमी करावयाचा झाला की पहिली कात्री येथेच लागते. पत्रके गोळा झाल्यावर त्यांची वर्गवारी. गणकयंत्रांपूर्वीच्या त्या दिवसांत हे काम रकान्यांच्या मोठ्या कागदांवर हाताने व्हावयाचे.

पुणे शहराची मोठी सामाजिक-आर्थिक पाहणी १९३६-३७ साली झाली. तिचा पहिला भाग छापून आला तो १९४५ साली, दुसरा १९५२ साली. मध्ये महायुद्ध गेले, हे खरे. परंतु इतका विलंब म्हणजे कारभाराचे अपयशच नव्हे काय, असे कोणी विचारील तर त्याला सरळ नाही म्हणता येत नाही. ज्या पुण्याचे वर्णन पुस्तकात होते, ते पुणे पुस्तक निघेतो पालटून गेले होते. पण येथेच संस्थेची शिस्त उपयोगी पडली. जुनी पाहणी पद्धतशीर केलेली आणि तिची नोंद राखलेली असल्यामुळे, १९५३-५४ साली नीळकंठ विठ्ठल सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहराची फेरपाहणी करून दोन्ही काळांची तुलना करता आली, आणि ती १९५६ साली लगोलग प्रसिद्धही झाली. जो आकडा उशिरा आल्यामुळे धोरणाला निरुपयोगी ठरला, तोच इतिहासाला आणि तुलनेला उपयोगी पडला. सोवनींनीच कोल्हापूर शहराची पाहणीही तीन खंडांत लिहिली.

आता आम्ही पैशाच्या प्रश्नाकडे वळतो, कारण खरी मेख तेथे आहे. देणगीच्या व्याजावर लहान पाहण्या होतील. मोठ्या होत नाहीत. मोठ्या कामाला सरकारचा किंवा एखाद्या मोठ्या निधीचा पैसा लागतो. आणि जो पैसा देतो त्याला उत्तर कोणते हवे आहे, हे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असते. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे काय लाभ झाला याची पाहणी संस्थेने केली व ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. कालव्याचा लाभ म्हणजे पाणीपट्टीची वसुली, अशी सरकारी हिशेबाची रीत. या पाहणीने पाटाच्या पाण्याखालची आणि कोरडवाहू शेती शेजारी शेजारी ठेवून, शेतमालाबरोबर मजुरीचा, व्यापाराचा आणि अप्रत्यक्ष मिळकतीचाही विचार मांडला. त्यामुळे ‘कालवा तोट्यात आहे’ या वाक्याचा अर्थच बदलला.

याहून अवघड परीक्षा मुंबई कुळकायद्याच्या वेळी आली. १९४८ च्या कायद्याने कुळांना संरक्षण दिले होते. त्याचा अंमल कसा झाला हे तपासण्याचे काम विनायक महादेव दांडेकर आणि खुदानपूर यांनी केले. अहवाल १९५७ साली आला. वर वर पाहता काम सोपे होते. कायदा पुस्तकात आहे, सातबारा तलाठ्याकडे आहे. दोन्ही ताडून पाहावे. परंतु या कायद्यात एक दार उघडे राहिले होते. कुळाने आपखुशीने जमीन सोडून दिली तर त्यास हरकत नव्हती. आणि गावात आपखुशी कशी असते हे आपणांस सांगावयास नको. ज्याच्याकडून बियाणे, ज्याच्याकडून लग्नाला उसने, ज्याच्या वाड्यावर वर्षभर काम, त्याने ‘अंगठा कर’ म्हटले की कूळ अंगठा करते. दप्तरी राजीनामा, प्रत्यक्षात हकालपट्टी. नुसते दप्तर पाहणाऱ्याला कायदा उत्तम चालला आहे असे वाटले असते. या तपासणीतून निष्पन्न झाले ते असे की, कायदा अस्तित्वात असूनही जमिनीचे व्यवहार पुष्कळ ठिकाणी तो नसल्यासारखेच चालू होते. सरकारच्या आवडत्या कायद्याविषयी असे लिहिण्यास धैर्य लागते. पण नुसत्या धैर्याने भागले नसते. त्या विधानामागे गावोगावच्या तपासलेल्या नोंदी नसत्या, तर एका संतापलेल्या प्राध्यापकाचे मत म्हणून ते बाजूला सारले गेले असते. संशोधकाचे स्वातंत्र्य घटनेच्या कलमात नसून बऱ्याच अंशी त्याच्या कपाटातल्या गठ्ठ्यांत असते, असे आम्हांस वाटते ते याच कारणाने.

१९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तेव्हाही संस्थेकडे मोठी जबाबदारी आली. प्रशांतचंद्र महालनोबीस, गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे तिघे राष्ट्रीय उत्पन्न समितीवर होते. देशाचे उत्पन्न मोजावयाचे तर खेड्यांतील माहिती हवी, आणि ती तर नव्हती. पहिल्या फेरीत १,८३३ खेडी निवडण्यात आली. त्यांपैकी १,१८९ खेड्यांचे काम कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पत्रकांवर आणि ६४४ खेड्यांचे पुण्याच्या पत्रकांवर झाले. एकाच देशाला दोन प्रकारची पत्रके! आज हे विचित्र वाटेल. पण प्रश्न कसा विचारला म्हणजे उत्तर कसे बदलते, हे समजण्यास याहून चांगला प्रयोग कोणता? दांडेकरांनी पुण्याच्या पत्रकांवर १९५३ व १९५४ साली जे दोन अहवाल लिहिले ते आता फार थोडे लोक उघडत असतील. आमच्या दृष्टीने मात्र ते पुढील पुष्कळ गाजलेल्या ग्रंथांचे पायाचे दगड आहेत.

१९५४ साली संस्थेत कृषि-आर्थिक संशोधन केंद्र आले, १९५९ पासून ‘अर्थविज्ञान’ हे नियतकालिक निघू लागले. संस्था मोठी झाली, तसा संचालकही देशात मोठा झाला. येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. १९४५ साली बेलापूर रोड येथे बागाईतदारांची परिषद गाडगिळांच्या अध्यक्षतेखाली भरली. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारण्यात ते पुढे होते आणि त्याचे पहिले अध्यक्षही झाले. रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीच्या मार्गदर्शक समितीवर ते होते. १९५४ च्या त्या अहवालाने सहकाराला सरकारी भागीदारीची दिशा दिली. म्हणजे सहकाराची पाहणी करणारा आणि सहकार उभारणारा एकच. याने निर्णयाला पक्षपाताचा वास येत नाही काय?

आमचे मत असे की धोका होता, आणि तो गाडगिळांनाही दिसत असावा. त्यांचे लेखन पाहिले तर जेथे ते स्वतः गुंतलेले आहेत तेथे त्यांची भाषा अधिक सावध होते. शिवाय सत्तेशी सलगी असूनही त्यांनी योजनांवर टीका करण्याचे सोडले नाही. तरीही प्रत्येक गाडगीळ असा निघेल असे गृहीत धरून संस्थांचे नियम करता येत नाहीत. व्यक्तीच्या सचोटीवर जे चालले ते पुढच्या पिढीला नियमांनीच चालवावे लागते.

१९६६ साली गाडगीळ संचालकपदावरून मोकळे झाले, काही काळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि १९६७ साली नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला गेले. केंद्राने राज्यांना साहाय्य कोणत्या हिशेबाने द्यावे याचे त्यांचे सूत्र १९६९ पासून त्यांच्याच नावाने ओळखले गेले. संस्थेची सूत्रे दांडेकरांकडे आली. आणि १९७१ च्या जानेवारीत, गाडगीळ अद्याप आयोगावर असताना, दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही किमान मर्यादा धरली, तर खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्या खाली आहेत, असे त्यात दाखविले होते. विकासाचा लाभ तळच्या माणसापर्यंत पोचला नाही, हेही. हा नियोजनाच्या वीस वर्षांवरचा अभिप्राय होता, आणि नियोजन आयोग गुरूच्या हाती असताना शिष्याने तो दिला होता. आकडे कोणाचे? त्याच राष्ट्रीय नमुना पाहणीचे, जिच्या पहिल्या फेरीची ६४४ खेडी पुण्याच्या वाट्याला आली होती. पैसा कोणाचा? फोर्ड प्रतिष्ठानचा. पैसा परदेशी म्हणून काहींनी नाके मुरडली; अर्थशास्त्रज्ञांनी मर्यादेवर, किमतींवर, पद्धतीवर कडाडून वाद घातला. तो वाद होऊ शकला, कारण रीत उघड मांडलेली होती. कोणालाही तीच बेरीज पुन्हा करून पाहता येत होती.

त्याच वर्षी ३ मे रोजी दिल्लीहून पुण्याला परतत असताना गाडगीळ आगगाडीतच निवर्तले. दांडेकर १९८० पर्यंत संचालक होते. पुढे १९८३-८४ साली महाराष्ट्र सरकारने विभागीय असमतोल मोजण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले, आणि तिने सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्याच्या प्रत्येक सभेत ऐकू येऊ लागला. रस्ते, पाटबंधारे, शाळा, पाणीपुरवठा यांची जिल्हावार बेरीज करून राज्याच्या सरासरीशी ताडण्याची ती रीत; फळबाजाराच्या पाहणीपासून पन्नास वर्षांनी तोच हात, फक्त कागद मोठा.

अभिमत विद्यापीठ झाल्यापासून संस्थेत पदवी-पदव्युत्तर वर्ग, परीक्षा, प्रवेश, नियामक मंडळांचे नियम असा निराळाच कारभार वाढला. २०२४ साली कुलगुरूंच्या पात्रतेवरून निघालेला वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचला आहे. त्यात कोणाचे बरोबर हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र गाडगिळांना वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी संचालक नेमताना आजच्या नियमांपैकी किती नियम आड आले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. उलट, आजचे नियम ज्या भीतीतून जन्मले ती भीतीही खोटी नाही. छत्तीस वर्षे एकाच्या हाती राहूनही निर्मळ राहिलेल्या संस्था आपल्याकडे किती, हे मोजावयास दोन हातांची बोटे पुरतील. या दोहोंचा मेळ कसा घालावा हे काम आता ज्यांच्याकडे कारभार आहे त्यांचे. त्यांच्यापुढे जुनी प्रकाशने, भारत सेवक समाजाच्या काळापासून वाढत आलेले ग्रंथालय आणि १९३६ साली पुण्यातल्या गल्लीगल्लीतून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे एवढी शिल्लक आहे.